पापण्या, कात आणि एक कप ग्रीन टी

लोकलमध्ये उभे असाल, भांडी घासत असाल किंवा अभ्यास सोडून हे ऐकत असाल, तर आवाज थोडा वाढवा. आजच्या भागाची सुरुवात माझ्या आत्याच्या स्वयंपाकघरातून होते.

दिवाळीत तिच्याकडे गेले होते. पाणी घ्यायला फ्रिज उघडला तर दारातल्या कप्प्यात तिच्या डोळ्यांच्या थेंबांची बाटली दिसली. सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं. मी विचारलं, "आत्या, ही नवी बाटली का? जुनी संपली?"

"अगं, बंद केलेत थेंब. महिना झाला," ती अगदी सहज म्हणाली. "आता ग्रीन टी घेते. दिवसाला तीन कप. थांब, तुला मेसेज दाखवते."

आत्याला काचबिंदू आहे. मोतीबिंदू नाही, काचबिंदू. दोन्ही शब्द सारखे वाटतात, पण फरक फार मोठा आहे. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं आणि ऑपरेशन करून ते बदलता येतं. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू मरते, बहुतेक वेळा डोळ्यातला दाब वाढल्यामुळे. आणि एकदा गेलेली नजर परत येत नाही. थेंब कशासाठी, तर तो दाब खाली ठेवण्यासाठी.

मेसेजमध्ये लिहिलं होतं: ग्रीन टी डोळ्यांचं रक्षण करतो, शास्त्रज्ञांनी शोधून काढलंय, काचबिंदूवर गुणकारी. खाली हात जोडल्याचे इमोजी आणि 'पुढे पाठवा'.

आता पंचाईत अशी, की हा मेसेज पूर्ण खोटा नाहीये. पूर्ण खोटा असता तर मी तिथल्या तिथे हसून सोडून दिला असता. पण त्याच्या मागे बाराशे-तेराशे वर्षांचा इतिहास आहे, खरी माणसं आहेत, खरे प्रयोग आहेत. मग मी ठरवलं, की चहा आणि डोळे यांचं नातं पहिल्यापासून शोधायचं. आजचा भाग म्हणजे तो शोध.

कापलेल्या पापण्या

सुरुवात एका दंतकथेने करू. दंतकथाच आहे, इतिहास नाही, हे लक्षात ठेवा.

बोधिधर्म नावाचा एक बौद्ध भिक्षू चीनमध्ये गेला. झेन परंपरा त्याला आपला आद्य गुरू मानते, आणि परंपरेनुसार तो आपल्या दक्षिण भारतातला. तो एका भिंतीकडे तोंड करून नऊ वर्षं ध्यानाला बसला, असं सांगतात. मध्येच एकदा त्याचा डोळा लागला. जाग आल्यावर त्याला स्वतःचाच इतका राग आला, की त्याने आपल्या पापण्या कापून जमिनीवर फेकून दिल्या. त्या जिथे पडल्या तिथे एक झुडूप उगवलं. ते चहाचं झुडूप.

एंगेलबर्ट केम्फर नावाचा जर्मन डॉक्टर सतराव्या शतकाच्या शेवटी जपानमध्ये राहिला होता. त्याने ही गोष्ट 1712 साली छापलेल्या आपल्या ग्रंथात सांगितली आणि ती युरोपातही पोचली. जपानमध्ये आजही बोधिधर्माच्या लाल, गोल बाहुल्या मिळतात, त्यांना दारुमा म्हणतात. बाहुली विकत घेताना तिचे दोन्ही डोळे कोरे असतात. मनात इच्छा धरून एक डोळा रंगवायचा, आणि इच्छा पूर्ण झाली की दुसरा.

या गोष्टीत चहा डोळ्यांचं रक्षण करत नाही, हे पाहिलंत का? उलट डोळ्यांचा बळी जातो आणि चहा जन्माला येतो. चहाचं काम एकच, डोळे उघडे ठेवणं. म्हणजे जागं ठेवणं. रात्रभर ध्यानाला बसणाऱ्या भिक्षूंना चहा हवा होता तो झोप उडवायला. परीक्षेच्या आदल्या रात्री आपण करतो तेच, फक्त त्यांची परीक्षा जरा मोठी होती.

'डोळे चुरचुरत असतील तर'

आता दंतकथेतून कागदावर येऊ. आठव्या शतकात, तांग राजवटीच्या चीनमध्ये लू यू नावाचा लेखक होऊन गेला. त्याने चहावर एक अख्खा ग्रंथ लिहिला. चहा या एकाच विषयावरचा तो जगातला पहिला ग्रंथ मानतात. पानं कशी खुडायची, पाणी कुठलं घ्यायचं, भांडं कसं असावं, सगळं त्यात आहे.

अगदी सुरुवातीच्या भागात लू यू चहा कधी प्यावा ते सांगतो. उष्णतेने तहान लागली असेल, मन जड झालं असेल, डोकं दुखत असेल, हातपाय गळून गेले असतील, सांधे आखडले असतील, तर चार-पाच घोट घ्यावेत. आणि याच यादीत एक तक्रार आहे: डोळे कोरडे, चुरचुरणारे होणं.

मी हे वाचलं आणि थांबले. तहान, डोकेदुखी, थकवा, कोरडे डोळे. ही यादी तर संध्याकाळी सात वाजता ऑफिसातून निघणाऱ्या कुणाचीही असू शकते! लू यू इथे कुठल्या डोळ्यांच्या रोगाबद्दल बोलत नाहीये. तो थकलेल्या माणसाबद्दल बोलतोय. गरम पेय, थोडी विश्रांती, थोडी तरतरी. हे आजही खरं आहे, आणि त्यासाठी कुठल्याही प्रयोगशाळेची गरज नाही.

शोगुनची उतरलेली तब्येत

इथून चारशे वर्षं पुढे आणि समुद्र ओलांडून जपानला. एइसाई नावाचा भिक्षू चीनमध्ये शिकून 1191 साली मायदेशी परतला आणि येताना चहाच्या बिया घेऊन आला. 1211 साली त्याने चहा पिऊन आयुष्य कसं जपावं यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. 'किस्सा योजोकी' असं त्याचं नाव. जपानमधलं चहावरचं हे पहिलं पुस्तक.

याबद्दलचा एक किस्सा जुन्या बखरीत नोंदलेला आहे. 1214 साली शोगुन मिनामोतो नो सानेतोमो याची तब्येत बिघडली. कारण? आदल्या रात्रीची दारू. एइसाईने त्याला चहाचा कप दिला आणि सोबत चहाचे गुण सांगणारं पुस्तकही पाठवलं. म्हणजे जपानच्या राज्यकर्त्याला चहाची शिफारस झाली ती हँगओव्हरवर उतारा म्हणून!

पण आपल्यासाठी महत्त्वाचं पुढे आहे. एइसाईचा सिद्धांत असा: शरीरात पाच मुख्य अवयव, आणि प्रत्येकाला एक चव आवडते. यकृताला आंबट, फुप्फुसाला तिखट, हृदयाला कडू, प्लीहेला गोड, मूत्रपिंडाला खारट. बाकीच्या चवी रोजच्या जेवणात येतात, कडू मात्र माणसं टाळतात. म्हणून हृदय दुबळं राहतं. म्हणून चहा प्या, कारण चहा कडू.

आणि डोळे? चिनी वैद्यकात डोळ्यांचा संबंध यकृताशी जोडलेला आहे. एइसाईही तेच लिहितो. डोळे बिघडले तर समजा यकृत बिघडलंय, आणि त्यावर औषध द्या ते आंबट चवीचं. म्हणजे चहाचा एवढा मोठा भक्त, पण डोळ्यांसाठी तो चहाचं नावही घेत नाही. त्याच्या हिशेबात चहा हृदयासाठी होता. 'प्राचीन काळापासून जपानी लोक डोळ्यांसाठी ग्रीन टी पितात' असं कुणी सांगितलं, तर त्यांना एइसाईची आठवण करून द्या.

चव तुरट, नाव आपलं

एइसाईच्या यादीत चवी पाच. आपल्याकडे षड्रस, म्हणजे सहा. कुठली चव जास्तीची? तुरट! आणि गंमत बघा, ग्रीन टीचं पुढचं सगळं विज्ञान या सहाव्या चवीतूनच निघालं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. ग्रीन टीचं झाड वेगळं नसतं. आपला टपरीवरचा कडक चहा आणि ग्रीन टी, दोन्ही एकाच झाडाची पानं. पान खुडून चुरडलं की हवेशी त्याची क्रिया सुरू होते आणि ते काळपट होत जातं, कापलेल्या सफरचंदासारखं. तो काळा चहा. पान खुडल्याबरोबर वाफवलं किंवा कढईत परतलं, तर ही क्रिया थांबते आणि पान हिरवं राहतं. तो ग्रीन टी. पान हिरवं राहिलं की त्यातले तुरट पदार्थही बऱ्यापैकी जसेच्या तसे राहतात.

हे तुरट पदार्थ नेमके कोणते, हे शोधलं एका बाईने. नाव मिचियो त्सुजिमुरा, जन्म 1888. शास्त्रज्ञ व्हायचं होतं, पण होक्काइडोच्या विद्यापीठात तेव्हा मुलींना प्रवेशच नव्हता. म्हणून 1920 मध्ये ती तिथल्या प्रयोगशाळेत बिनपगारी मदतनीस म्हणून लागली आणि रेशमाच्या किड्यांच्या आहारावर काम करू लागली. पुढे टोकियोला गेली, तर 1923 च्या भूकंपात तिथली प्रयोगशाळाच उद्ध्वस्त झाली. मग ती रिकेन या संशोधन संस्थेत आली. 1924 मध्ये तिने आणि तिच्या सहकाऱ्याने ग्रीन टीमध्ये क जीवनसत्त्व असल्याचं दाखवलं. ही बातमी पसरल्यावर अमेरिकेत जपानी ग्रीन टीची मागणी वाढली. 1929 मध्ये तिने चहातून कॅटेचिन वेगळं काढलं, आणि 1932 मध्ये ग्रीन टीच्या घटकांवर प्रबंध लिहून ती कृषिशास्त्रात डॉक्टरेट मिळवणारी जपानमधली पहिली स्त्री ठरली. 2021 च्या सप्टेंबरमध्ये गूगलच्या डूडलवर एक जपानी बाई दिसली होती, आठवतंय? तीच ही.

आता 'कॅटेचिन' या शब्दाकडे या. हा शब्द जपानी नाही, चिनीही नाही. खैराच्या झाडाचं खोड उकळून जो अर्क काढतात त्याला युरोपातले औषधवाले कॅटेच्यू म्हणायचे, आणि त्यात जो पदार्थ सापडला त्याला त्यांनी कॅटेचिन म्हटलं. खैराचा अर्क म्हणजे काय? आपला कात! विड्याच्या पानात चुन्याबरोबर लावतात तो. रायगड, ठाण्याच्या जंगलांत खैराचे तुकडे उकळून कात पाडणाऱ्या समाजाचं नावच त्या कामावरून पडलं, कातकरी. ग्रीन टीच्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापलेला 'कॅटेचिन' हा शब्द मुळात पानाच्या तबकातला आहे. पुढच्या वेळी ग्रीन टीचा घोट घेतल्यावर जीभ जरा आखडल्यासारखी झाली, की कात आठवा. दोन्हीकडे तुरटपणा येतो तो याच घराण्यातल्या पदार्थांमुळे.

डोळ्यापर्यंत पोचलं का?

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अँटिऑक्सिडंट हा शब्द घरोघरी पोचला. कल्पना साधारण अशी: शरीरात ऑक्सिजन वापरला जातो तेव्हा काही आगाऊ रेणू तयार होतात आणि ते आजूबाजूच्या पेशींची मोडतोड करतात. अँटिऑक्सिडंट त्यांना आवरतात. कॅटेचिनं हे काम परीक्षानळीत चांगलं करतात.

डोळ्यासाठी हे का महत्त्वाचं? कारण डोळा दिवसभर उजेडात असतो. आतला पडदा, म्हणजे दृष्टिपटल, शरीरातल्या सर्वांत जास्त ऑक्सिजन वापरणाऱ्या भागांपैकी एक आहे. आणि भिंगातली प्रथिनं जन्मभर जवळपास तीच राहतात, बदलून मिळत नाहीत. म्हणजे मोडतोड साचत जाते.

पण परीक्षानळी वेगळी आणि पोट वेगळं. चहा आपण डोळ्यात घालत नाही, पितो. मग तो पोटातून रक्तात, रक्तातून डोळ्यात जातो का? डोळ्याच्या रक्तवाहिन्यांपाशी चांगला कडक पहारा असतो, वाटेल ते आत सोडत नाहीत.

याचं उत्तर 2010 मध्ये आलं. हाँगकाँगच्या चिनी विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांना ग्रीन टीचा अर्क पाजला आणि नंतर त्यांच्या डोळ्यांचे वेगवेगळे भाग तपासले. कॅटेचिनं सापडली! भिंगात, दृष्टिपटलात, डोळ्यातल्या पाण्यात. कुठल्या भागात कुठलं कॅटेचिन जास्त, हेही कळलं. मोडतोडीच्या खुणा कमी झाल्याचा परिणाम वीस तासांपर्यंत टिकला.

शोध खरा होता आणि चांगला होता. पण त्याने सिद्ध काय केलं? की माल पत्त्यावर पोचतो. उंदरांमध्ये, अर्काच्या रूपात. माणसाची नजर वाचते, काचबिंदू थांबतो, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. पण जगभर मथळे झाले 'ग्रीन टी डोळ्यांचे आजार रोखतो' अशा थाटाचे. आत्याच्या मेसेजमधले 'शास्त्रज्ञ' बहुधा हेच.

मग काचबिंदू कुठून आला? त्याचाही माग काढला. 2017 च्या डिसेंबरमध्ये एका ब्रिटिश नेत्रवैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. अमेरिकेत 2005-06 मध्ये झालेल्या मोठ्या आरोग्य पाहणीतली 1678 माणसांची माहिती त्यात तपासली होती. रोज गरम चहा पिणाऱ्यांमध्ये काचबिंदू असण्याची शक्यता 74 टक्क्यांनी कमी दिसली. आकडा ऐकून कुणीही खुर्चीत ताठ बसेल!

पण जरा थांबा. त्या 1678 जणांत काचबिंदू होता 84 जणांना. त्यातले रोज गरम चहा पिणारे किती असतील, विचार करा. शिवाय चहा हिरवा की काळा, कप केवढा, किती वेळ उकळलेला, ही माहिती नव्हतीच. 'ग्रीन' हा शब्द मेसेज पुढे पाठवता पाठवता कुणीतरी चिकटवला. आणि मुख्य म्हणजे ही एका वेळची पाहणी. चहामुळे काचबिंदू कमी, की चहा पिणाऱ्यांचं बाकीचं राहणीमानच वेगळं, हे अशा पाहणीतून कळत नाही. हे सगळं संशोधकांनी स्वतः लिहून ठेवलंय. मेसेजमध्ये एवढाच भाग गळाला.

मग प्यायचा की नाही?

प्या की! आवडत असेल तर जरूर प्या. साखर-दुधाचे पाच कप कमी करून दोन कप ग्रीन टी घेतलात, तर साखर कमी होईल हा फायदा तर पक्का. मधुमेह आवाक्यात राहिला की दृष्टिपटलही वाचतं, त्याला कुठल्या नव्या शोधाची गरज नाही.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा नको, कारण त्यातले तुरट पदार्थ पालेभाज्या-डाळींमधलं लोह शरीरात नीट जाऊ देत नाहीत. रक्त कमी असलेल्या मुलींनी तर हे नक्की पाळावं. आणि ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या 'नैसर्गिक आहेत' म्हणून स्वतःच्या मनाने घेऊ नका. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2018 मध्ये सांगितलं, की गोळ्यांमधून दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी, म्हणजे ग्रीन टीमधलं मुख्य कॅटेचिन, घेतलं तर यकृताला इजा होण्याची भीती आहे. एइसाईने डोळ्यांचा संबंध यकृताशी जोडला होता. आपण डोळे वाचवायला जाऊन यकृत घालवायला नको.

आणि तुमचे-माझे डोळे? आपली तक्रार लू यूवालीच आहे, कोरडे आणि चुरचुरणारे. एरवी आपण मिनिटाला साधारण पंधरा-वीस वेळा पापण्या मिटतो. फोनकडे टक लावली की हे प्रमाण खूप खाली येतं, आणि डोळ्यावरचा ओलावा सुकतो. बोधिधर्माला पापण्या कापाव्या लागल्या, आपण त्या असून वापरत नाही. दर वीस मिनिटांनी वीस फूट लांबच्या कशाकडे तरी वीस सेकंद बघा, आणि पापण्या मिटा. फुकट आहे.

आता आत्या. मी तिला हा सगळा इतिहास सांगितला, अगदी कातासकट. कात ऐकून ती खुलली, कारण तिच्या आजीचं पानाचं तबक अजून तिच्याकडे आहे. मग मी म्हटलं, "आत्या, उंदराच्या डोळ्यात चहा पोचला, हे खरं. पण तुझ्या डोळ्यातला दाब किती आहे, ते उंदराला माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. दाब वाढलेला होता. त्या महिन्यात नजरेचं किती नुकसान झालं, हे पुढच्या तपासण्यांत कळेल. काचबिंदूत नजर कडेकडेने जाते, दुखत नाही, खुपत नाही, म्हणून थेंब सोडले तरी 'काही फरक पडला नाही' असंच वाटत राहतं. खरा धोका तोच आहे.

आता तिच्या फोनवर रोज रात्री नऊचा गजर वाजतो. आधी थेंब, मग बातम्या. ग्रीन टी चार वाजता, कारण रात्री घेतला तर झोप उडते. बोधिधर्माचा गुण तेवढा त्यात अजून शिल्लक आहे.

तुमच्या घरी कुणाला काचबिंदू असेल, किंवा चाळिशी ओलांडलेल्या आईबाबांनी बरीच वर्षं डोळे तपासले नसतील, तर हा भाग त्यांना पाठवा. आणि पाठवून थांबू नका, फोन करून विचारा: थेंब घातलेत का?

भेटू पुढच्या भागात. तोवर पापण्या मिटत राहा!